ओळ तीनशे चाळीस

"चप्पल काढा, कसबे," देशमाने सर म्हणाले.

"काढलीय सर."

"मग तिथंच थांबा. सही पाहिजे ना? रजिस्टर इकडं द्या."

मी उंबऱ्याबाहेरूनच हात लांब करून रजिस्टर पुढं केलं. हेडमास्तरांनी सही केली, रजिस्टर परत दिलं आणि दारावर डकवलेल्या कागदाकडं बोट दाखवलं. तो कागद सकाळी मीच टाइप केला होता. 'संगणक कक्ष. शिक्षक व विद्यार्थी यांच्याशिवाय इतरांस प्रवेश नाही.' इतरांस म्हणजे दोन शिपाई आणि मी. शाळेच्या भाषेत आम्ही शिक्षकेतर. आपण कोण ते न सांगता कोण नाही तेवढंच सांगणारा शब्द.

साल शहाऐंशी. गाव कुर्डुवाडी. सरकारच्या योजनेतून आमच्या शाळेला बीबीसीचे पाच कॉम्प्युटर आले होते. साय घट्ट झाल्यावर जसा रंग येतो त्या रंगाचे, वरच्या बाजूला लाल बटणांची एक रांग, प्रत्येकाला एक टीव्ही आणि एक टेपरेकॉर्डर. पूजा झाली होती. पाचहीजणांच्या कपाळाला कुंकू होतं आणि पहिल्याच्या गळ्यात झेंडूचा हार अजून तसाच होता.

त्या हारवाल्यासमोर विश्वनाथ लोखंडे बसला होता. पुण्याला तीन आठवड्यांचं ट्रेनिंग करून आलेला. उजव्या हाताचं एक बोट हवेत धरून तो अक्षरं शोधत होता. मागं आठवीची पंधरा पोरं श्वास रोखून उभी.

"पी कुठं गेला?" त्यानं विचारलं.

"सर, वर. उजवीकडं," एक पोरगी म्हणाली.

माझा टायपिंगचा वेग मिनिटाला साठ शब्द. परीक्षक म्हणाला होता, हा मुलगा हायकोर्टात जाईल. मी दारात उभा राहून विश्वनाथचं बोट पी शोधताना बघत होतो, आणि माझी दहाही बोटं रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर आपोआप चालत होती.

विश्वनाथ आणि मी एका वस्तीतले. एका बोर्डिंगात एका ताटात जेवलेले. अकरावीपर्यंत त्याचं गणित मी करून द्यायचो, हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही, त्याच्या वह्यांत माझं अक्षर होतं. मॅट्रिकला मला एकाहत्तर टक्के, त्याला चौसष्ट. त्याच उन्हाळ्यात माझा बाप गेला. त्याचा बाप राहिला. एवढाच फरक. तो कॉलेजात गेला, मी टायपिंगच्या क्लासला. पुढं दोघंही एकाच शाळेत लागलो. तो फिजिक्सचा लोखंडे सर झाला, मी 'अहो कसबे' झालो. चारचौघांत तो मला तुम्ही म्हणायचा आणि मी त्याला सर म्हणायचो. एकटे असलो की तो भगा म्हणायचा आणि मी विशा. लोकांना वाटायचं आमची मैत्री फार. होतीही. पण त्याला इन्क्रिमेंट लागलं की त्या दिवशी मला जेवण जायचं नाही.

चार दिवसांनी मधल्या सुट्टीत तो ऑफिसात आला. दार लोटून घेतलं.

"भगा, एक काम कर माझं."

"अर्ज लिहायचाय का?"

"नाही रे. चल माझ्याबरोबर. देशमाने जेवायला घरी गेलेत, तीन वाजेपर्यंत येत नाहीत."

त्याच्या हातात पुण्याहून आणलेले छापील कागद होते. प्रोग्राम. एकेक दोन-दोन पानांचा. ते सगळे मशीनमध्ये टाइप करून कॅसेटवर भरायचे होते आणि त्याच्या एका बोटानं दिवाळी उजाडली असती.

"दारावर काय लिहिलंय वाचलंस ना?" मी म्हणालो.

"तूच लिहिलंयस. तूच मोड."

मी गेलो. खुर्चीत बसलो. पहिलं पान पाच मिनिटांत उतरवून काढलं. विश्वनाथ शेजारी तोंड उघडं टाकून बघत होता, आणि खोटं कशाला बोलू, आयुष्यात तेवढं सुख मला क्वचित झालंय.

मग त्यानं प्रोग्राम चालवला. चालला नाही. पडद्यावर इंग्रजीत चूक आली. ती दुरुस्त केली, दुसरी आली. तीन मधल्या सुट्ट्या आम्ही त्या एका पानावर घातल्या. अक्षर न् अक्षर बरोबर होतं. शेवटी विश्वनाथलाच दिसलं.

"भगा, तू एक कसा टाइप करतोस?"

"असा." मी एल दाबून दाखवला.

"आणि शून्य?"

मी कॅपिटल ओ दाबला.

आमच्या ऑफिसातल्या जुन्या इंग्रजी टाइपरायटरला एक आणि शून्य ही बटणंच नव्हती. एलचा एक आणि ओचं शून्य, असंच आम्हाला शिकवलेलं. आठ वर्षं मी तेच करत आलेलो. कागदावर वाचणाऱ्याला कळतच नाही, साहेब सही करून मोकळा. पण हे यंत्र डोळ्यांनी वाचत नव्हतं. त्याला ओ म्हणजे ओ. आणि टीव्हीच्या पडद्यावर ओ आणि शून्य सख्ख्या भावांसारखे दिसायचे.

विश्वनाथ इतका हसला की त्याला ठसका लागला. "पुण्यात हे कुणी सांगितलं नव्हतं रे. हे फक्त आपल्याला माहीत."

पंधरवड्यात माझी ती खोड मोडली. पुन्हा तशी चूक झाली नाही. हे लक्षात ठेवा.

तिथून पुढं मी रोज मधल्या सुट्टीत तिथं. कॉम्प्युटरबरोबर आलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक मी वर्तमानपत्राचं कव्हर घालून घरी न्यायचो आणि डिक्शनरी शेजारी ठेवून वाचायचो. मला कुणी शिकवलं नाही. विश्वनाथनंही नाही, त्याला फार येत नव्हतंच. तो पोरांना पडद्यावर गोल काढून दाखवायचा आणि पोरं खूश व्हायची. मला गोल नको होता. मला निकालपत्रक पाहिजे होतं.

सहामाहीला आणि वार्षिकला शाळेतल्या सगळ्या वर्गांच्या निकालाच्या बेरजा माझ्या गळ्यात असायच्या. आठ विषय, बेरीज, टक्के, नंबर. बारा-बारा दिवस मान वर होत नसे. नोव्हेंबरभर मी सायक्लोस्टाइलच्या रद्दी कागदांच्या पाठीवर प्रोग्राम लिहिला. खोडला, लिहिला. आणि एका मंगळवारी आठवी ब चे चाळीस विद्यार्थी, सगळ्यांची बेरीज, टक्के आणि नंबर, पडद्यावर सरसर खाली उतरले.

विश्वनाथ उभाच राहिला. "हे तू केलंस?"

"मग कोण, देशमाने?"

त्यानं दोन विद्यार्थ्यांची बेरीज कागदावर करून बघितली. बरोबर. मग तो खाली बसला आणि म्हणाला, "मला नसतं जमलं हे. जन्मात."

हे वाक्य त्यानं मनापासून म्हटलं होतं. मी ते ऐकलं आणि मनात म्हणालो, माहितीय मला, पण खुर्ची तुझी आहे.

डिसेंबरात पत्र आलं. शिक्षणाधिकारी साहेब प्रात्यक्षिक बघायला येणार. संस्थेचे लोक येणार. चांगलं काम दिसलं तर आणखी एकाला पुण्याला पाठवायचं, सहा महिन्यांच्या कोर्सला, असंही पत्रात होतं. ते पत्र मीच फोडलं, मीच आवक नोंदवलं. सहा महिने. मी ते वाक्य चारदा वाचलं.

आठवड्यानं विश्वनाथनं कार्यक्रमपत्रिकेचा कच्चा कागद माझ्याकडं पाठवून दिला, स्टेन्सिल करायला. एक, दीपप्रज्वलन. दोन, विद्यार्थ्यांचे प्रात्यक्षिक. तीन, चार. आणि पाच : निकालपत्रकाचा प्रोग्राम – श्री. वि. बा. लोखंडे.

मी ते टाइप केलं. स्वतःच्या हातानं. स्टेन्सिलवर 'लोखंडे' ची अक्षरं इतक्या जोरात मारली की ड चं पोट फाटलं आणि तिथं स्टेन्सिल दुरुस्तीची लाल शाई लावून बुजवावं लागलं.

विचारायला पाहिजे होतं. त्याच व्हरांड्यात तर बसायचा. मी विचारलं नाही, कारण विचारल्यावर काहीतरी उत्तर मिळालं असतं आणि मला उत्तर नको होतं. मला राग पाहिजे होता. तो कित्येक वर्षं साठवलेला होता, त्याला आता कुठं जागा मिळाली होती.

साहेब बुधवारी येणार होते. त्याआधीच्या सोमवारी टीचर्स रूममध्ये चहाची बिलं द्यायला गेलो, तर तिथं त्याच्याभोवती घोळका.

"लोखंडे, बारा दिवसांचं काम दहा मिनिटांत आणलंत म्हणे," चित्रकलेचे सर म्हणाले. "आता आमचे कसबे बसून पगार खाणार."

"कसबेंना घंटा द्या वाजवायला," आणखी कोणीतरी म्हणालं.

सगळे हसले. विश्वनाथ माझ्याकडं बघून गालातल्या गालात हसला आणि म्हणाला, "हसू नका. बुधवारी बघा काय ते."

मला ते कसं ऐकू आलं असेल तुम्हीच ठरवा.

संध्याकाळी त्यानं प्रोग्राम शेवटचा चालवून बघितला. मी दाराबाहेर होतो. चालला. कॅसेट काढून त्यानं कपाटात ठेवली, वर 'निकाल' असं लिहून.

मंगळवारी मधल्या सुट्टीत तो मांडववाल्याशी बोलत मैदानात उभा होता. मी आत गेलो. कॅसेट घातली. प्रोग्राम चढायला बरीच मिनिटं लागायची, तोवर रेकॉर्डर रातकिड्यासारखा किरकिरत राहायचा. त्या किरकिरीत मला परत जायला भरपूर वेळ होता. मी गेलो नाही. प्रोग्राम चढला. ओळ तीनशे चाळीसवर होतं, टी बरोबर शून्य. प्रत्येक विद्यार्थ्याची बेरीज सुरू करताना पाटी कोरी करायची ओळ. मी ती काढून टी बरोबर ओ केली. पुन्हा त्याच कॅसेटवर भरली.

हिशेब साधा होता. उद्या साहेबापुढं प्रोग्राम अडेल. विशा एका बोटानं चाचपडेल, घाम पुसेल, आणि त्याला दाराकडं बघावं लागेल. कसबे, जरा आत या. मग मी आत जाईन. आणि समजा कुणी म्हणालंच तर, टायपिस्टची जुनी खोड, चुकून राहिली असेल. त्यानंच हसून सोडून दिलेली.

बुधवारी साहेब आले, दीप लागला, पोरांनी गोल काढले. मी उंबऱ्याबाहेर हजेरीचं रजिस्टर छातीशी धरून उभा. पाचव्या नंबरला विश्वनाथनं कॅसेट लावली. रेकॉर्डर किरकिरत होता तेवढा वेळ भरून काढायला तो बोलू लागला.

"साहेब, हा प्रोग्राम मी दाखवणार नाही."

देशमाने सरांनी मान वळवली.

"पत्रिकेत माझं नाव आहे. ते मी मुद्दाम घातलं. खरं नाव घातलं असतं तर पत्रिका मंजुरीलाच अडली असती. हा प्रोग्राम मी लिहिलेला नाही. मला येतही नाही. आमच्या कार्यालयातले क्लार्क भगवान कसबे, यांनी मधल्या सुट्टीत बसून, पुस्तक वाचून, स्वतः लिहिलाय. त्यांना मी नियम मोडून आत आणत होतो. त्याची जी शिक्षा असेल ती मला द्या." मग तो दाराकडं वळला. "कसबे, आत या."

जे शब्द मी त्याच्या तोंडी घातले होते तेच. फक्त घाम त्याला आला नव्हता, मला आला होता.

"अहो या की," साहेब म्हणाले. "असे काय खांबासारखे उभे?"

मी आत गेलो. विश्वनाथ खुर्चीवरून उठला, खुर्ची माझ्यासाठी मागं ओढली. किरकिर थांबली होती. प्रोग्राम चढला होता. ओ सकट.

मी बोटं बटणांवर ठेवली. मला एकच सुचत होतं, चालवायच्या आधी ती ओळ दुरुस्त करावी. पण सगळे पडद्याकडं बघत होते. आधी केली तर का केली म्हणून विशा विचारणार. नंतर केली तर... नंतरचं मला सुचेना. मी रन टाइप केलं आणि रिटर्न दाबलं.

पडद्यावर इंग्रजीत उमटलं : असा व्हेरिएबल नाही, ओळ ३४०.

मागं कुजबुज झाली. देशमाने सरांनी घसा साफ केला. "बघा," ते हळूच म्हणाले, "म्हणूनच आपण कागद लावला होता."

ते वाक्य संपायच्या आत माझी बोटं चालली होती. तीनशे चाळीस, टी बरोबर शून्य, रिटर्न. रन, रिटर्न. आठवी ब चे चाळीस विद्यार्थी सरसर खाली उतरू लागले.

"थांबा, थांबा," साहेब पुढं आले. "तुम्ही ओळ बघितली पण नाही. नुसता नंबर दिसला आणि दुरुस्त केलीत?"

"सवय आहे साहेब," मी म्हणालो.

"अहो सवय काय, ही नजर आहे. देशमाने, हा माणूस तुम्ही दारात उभा करता?"

टाळ्या झाल्या. संस्थेच्या लोकांनी वाजवल्या, पोरांनी वाजवल्या, देशमाने सरांनीही वाजवल्या. विश्वनाथनं सगळ्यांच्या नंतर सुरू केल्या आणि सगळ्यांच्या नंतर थांबवल्या. त्याचा डोळा पडद्यावर होता.

पाहुणे चहाला गेले. मी चपला घालायला वाकलो तेव्हा तो शेजारी येऊन उभा राहिला.

"ओ होता ना?"

मी चपलेत पाय घातला.

"परवा संध्याकाळी शून्य होतं, भगा. मी स्वतः चालवलाय."

"टेप खराब झाली असेल."

"टेप खराब झाली तर नुसती खरखर येते. शून्याचा ओ होत नाही."

"विशा, पत्रिकेवर तुझं नाव..."

"विचारायचं होतंस." तो एक पाऊल जवळ आला. मला वाटलं, आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. "चाळीस पावलांवर बसतो मी तुझ्यापासून. विचारायचं होतंस."

आणि तो चहाला गेला. मी बघत होतो. तो साहेबांच्या शेजारी बसला, हसला, खारी बुडवून खाल्ली.

शुक्रवारी देशमाने सरांनी मला केबिनमध्ये बोलावून शिफारसपत्र सांगितलं, मी टाइप केलं. 'सदर कर्मचाऱ्याने प्रोग्राममधील चूक ओळ न पाहता क्षणात शोधून दुरुस्त केली, हे उपस्थितांनी प्रत्यक्ष पाहिले.' खाली संगणक विभागप्रमुख म्हणून विश्वनाथची सही लागत होती. त्याला बोलावलं. त्यानं पत्र वाचलं. त्या ओळीवर त्याचा डोळा थांबलेला मला दिसला.

"काय लोखंडे, काही बदल?" देशमाने सरांनी विचारलं.

"नाही सर. बरोबर आहे," विश्वनाथ म्हणाला आणि सही केली.

बाहेर आल्यावर मी त्याच्या मागं गेलो. तो चालता चालताच म्हणाला, "सही प्रोग्रामला केलीय. प्रोग्राम तुझाच आहे." वळून बघितलंही नाही.

मी पुण्याला गेलो. परत आलो तो संगणक निदेशक होऊन. दारावरचा कागद निघाला. विश्वनाथ पुन्हा आपल्या फिजिक्सकडं गेला, त्या खोलीत फारसा आला नाही. वैर धरलं नाही. दिसलो की बोलायचा, पोरीच्या लग्नाला पहिली पत्रिका मला दिली. आणि मी वाट बघत राहिलो, की हा कधीतरी कुठंतरी बोलेल. भांडणात, चेष्टेत, कुणाच्या तरी कानात. बोलला असता तर माझा राग वसूल झाला असता. बीबीसीची यंत्रं भंगारात गेली, त्यांच्या जागी दुसरी आली, तीही गेली. मी रिटायर झालो, तो झाला. तो बोलला नाही. पूर्वी मला त्याच्या नोकरीचा, पगाराचा हेवा वाटायचा. नंतर त्याच्या गप्प बसण्याचा वाटू लागला. तो पहिल्यापेक्षा वाईट. पगार एक दिवस बरोबरीला येतो.

गेल्या फाल्गुनात तो गेला. दहाव्यानंतर मी घरी गेलो. शालनवहिनींनी चहा दिला. समोर त्याचा फोटो होता, त्याच्याकडं मी बघितलं नाही.

"तुमचं फार कौतुक होतं यांना," वहिनी म्हणाल्या. "पोरं अभ्यासाला कंटाळली की सांगायचे, भगवानकाका बघा. कॉलेजचं तोंड बघितलं नाही आणि साहेबापुढं, ओळ न बघता, चूक काढली. शंभरदा ऐकलंय आम्ही हे."

मी कप खाली ठेवला. "वहिनी, ती चूक मीच घातली होती. आदल्या दिवशी. त्याला खाली बघायला लावायचं म्हणून."

वहिनींनी पदराची कड सारखी केली.

"हो," त्या म्हणाल्या. "तेवढं मला एकटीला सांगितलं होतं. पोरांना सांगायचं नाही म्हणाले."